ओढ्यापलीकडची शीळ

१

घरट्याच्या दारावर कोळ्याचं जाळं होतं.

दुर्बिणीतून ते सगळ्यांत आधी ताईंना दिसलं. ते आपल्याला दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं. ओढ्यावर वाकलेल्या फांदीला गवताची मूठभर पिशवी लोंबत होती, तिला बाजूने बोट जाईल एवढं दार, आणि त्या दारावर दवाचे थेंब धरून बसलेलं धडधाकट जाळं. म्हणजे रात्रीपासून त्या दारातून कोणी आत गेलं नव्हतं, की बाहेर आलं नव्हतं.

"घरटं सोडलंय," ताई हळूच म्हणाल्या.

शहर जिथे संपतं, शेवटच्या इमारतींच्या कुंपणभिंती जिथे मागे पडतात, तिथून ही झाडी सुरू होत होती. दर रविवारी उजाडता उजाडता पक्षी बघायला येणारी ही मंडळी आज चौघंच होती. पुढे दादा, म्हणजे ताईंचे सख्खे थोरले भाऊ, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. हा रविवारचा गट त्यांनीच सुरू केला, त्यामुळे ते सगळ्यांचेच दादा. मागे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या मागे लग्नसमारंभांचे फोटो काढणारा एक तरुण. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स हातभर लांब, म्हणून त्याचं नाव पडलं होतं तोफवाला.

आणि ज्याच्यासाठी सगळे आठवडाभर डोळ्यांत प्राण आणून होते, तो पक्षी म्हणजे शिळकरी. अंगठ्याएवढा, पानांच्या रंगाचा, समोर असून न दिसणारा. त्याला शोधायचं ते कानांनी. सुईच्या नेढ्यातून ओवून काढावी तशी त्याची बारीक, उंच शीळ. दादा-ताईंच्या लहानपणी या झाडीत शिळकरी होता, मग नाहीसा झाला. आणि या वसंतात एक जोडी परत आली होती, चक्क घरटं बांधून बसली होती.

वरून चिमुकल्या पक्ष्यांचा एक थवा चिवचिवत गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. दादांनी आधी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग वर. ही त्यांची जुनी रीत, आधी नवशिक्यांना पक्षी सापडू द्यायचा. ताईंना या मोठेपणाचं नेहमी कौतुक वाटायचं.

पलीकडच्या खालच्या फांदीवर पानांआड बसलेला नर ताईंना दुर्बिणीतून दिसला. चोच उघडी, पंख गळालेले, गाणं बंद.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून दात बघायचा छोटा आरसा काढला, जाळं न मोडता बाजूने आत सरकवला आणि टॉर्च मारला. "अंडी आहेत. वर मुंग्या चढल्यात."

मग त्या ओढा ओलांडून पलीकडच्या झुडपात शिरल्या आणि हात उंच करून बाहेर आल्या. हातात साबणाच्या वडीएवढा काळा स्पीकर होता. गटाचाच, व्याख्यानांना वापरायचा, पक्ष्यांचे आवाज भरून ठेवलेला.

"हे बघा! कोणीतरी शिळकरीची शीळ वाजवलीय इथे."

दुसऱ्या नराची शीळ ऐकली की घरचा नर पिसाळतो. कोणीतरी आपलं रान बळकावतंय असं वाटून खाणंपिणं सोडून त्या आवाजाशी भांडत सुटतो, मादी धास्तावते आणि घरटं सोडून जाते. म्हणूनच विणीच्या दिवसांत रेकॉर्ड वाजवायची नाही, हा दादांनी घातलेला पहिला नियम होता. तो ते नव्या माणसाला नमस्काराच्याही आधी सांगत.

बाईंची नजर तोफवाल्यावर गेली. ताईंचीही गेली. पक्ष्याला उघड्यावर ओढून फोटो काढायचा मोह कोणाला होणार?

तोफवाला पांढराफटक पडला होता. एकटे दादा स्पीकरकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ कोडं होतं.

"पण तो," दादा सावकाश म्हणाले, "तो चालूच नसेल."

२

"दादा, तुमचा हा चांगुलपणा पुरे आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झाडीच्या फाटकापाशी बाकावर थर्मास उघडून सगळे बसले होते, पण चहाला चव नव्हती. "स्पीकर काय स्वतः चालत आला? याला गटातून काढा. आणि बाकीच्या गटांनाही कळवा, म्हणजे कोणत्याच जंगलात याला कोणी सोबत नेणार नाही."

"मी नाही वाजवला," तोफवाला एवढंच म्हणाला.

"मग कोणी? झाडानं?"

दादांनी हात वर केला. "पुढच्या रविवारी ठरवू."

"तोवर स्पीकर माझ्याकडे द्या," ताई म्हणाल्या.

आता यावर कोणी हरकत घेणार नव्हतं. ताईंनी सगळी नोकरी विमा कंपनीत काढली होती, नुकसानीचे दावे तपासण्यात. जळालेली दुकानं, पाण्यात भिजलेली घरं. खोटं बोलणारा माणूस त्यांच्यासमोर बसला की आपणहून घाम पुसायला लागायचा, असं त्यांचे सहकारी सांगत.

त्यांनी तिथल्या तिथे स्पीकर उलटासुलटा करून पाहिला. बॅटरी ठार संपलेली. आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवलेली. चालू असल्याचा दिवा तर कधीचाच गेला होता. हा चालू आहे की बंद हे कानांनाच विचारावं लागतं, अशी गटात थट्टाही व्हायची.

मग त्या एकट्याच परत ओढ्यापाशी गेल्या. स्पीकर ठेवलेलं झुडूप दिसेल अशी बसायला एकच जागा होती, अलीकडचा सपाट दगड. त्यावर बसून त्यांनी समोर पाहिलं आणि डोळ्यांवर हात धरला. पाणी चमकत होतं. सकाळी इथे पाण्याची तिरीप, दुपारनंतर खुद्द सूर्य समोर. इथून फोटो काढला तर पक्ष्याचा नुसता काळा ठिपका येणार. आणि रेकॉर्ड वाजवून फोटो काढणारे आवाज बारीक ठेवतात, हेही त्यांनी दादांच्याच व्याख्यानात ऐकलं होतं. मोठ्या आवाजानं पक्षी जवळ यायच्या ऐवजी बिथरतो.

मग इथे बसलेल्या माणसाला काय हवं होतं? फोटो नाही. नुसतं बघायचं होतं?

दादांना घरी सोडायला त्या गेल्या तेव्हाही हेच डोक्यात घोळत होतं. दादा स्वयंपाकघरात पाणी प्यायले आणि फ्रीजला टेकूनच वर्तमानपत्र उघडून उभे राहिले. फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं. तो बिचारा टिट् टिट् टिट् करत राहिला. वहिनी बाहेरून आल्या त्या थेट फ्रीजपाशी.

"अहो, घसा बसला त्याचा ओरडून! बायकोचं नाही तर नाही, निदान फ्रीजचं तरी ऐकावं माणसानं!" त्यांनी कोपरानं दार ढकललं. "बघा ना वन्सं, हल्ली असंच. मुद्दाम करतात."

दादा हसले. ताईही हसल्या. हसण्यासारखंच होतं ते, निदान त्या दिवशी तरी.

३

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातच गटाच्या बैठका व्हायच्या. बाहेरच्या खोलीतल्या कपाटात चार्ट, जुन्या दुर्बिणी आणि तो स्पीकर असायचा. कपाटाला कुलूप नाही.

"मागच्या बैठकीनंतर मी माझ्या हातानं स्पीकर इथे ठेवला होता," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "आणि मधल्या काळात गटातली दोनच माणसं इथे आली. तोफवाला पुस्तक परत करायला आला, बराच वेळ रेंगाळला. आणि दादा, दाढ भरायला. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः मादीला घरट्यात पाहिलं, म्हणजे झालं ते शनिवारीच; आणि शनिवारी मी दिवसभर इथे, पेशंटच्या तोंडात हात घालून. विचारा हवं तर."

"विचारणार नाही. बसा हो."

बाई बसल्या आणि एकदम मऊ झाल्या. "ताई, मला तो आवडत नाही, हे खरंय. पण मी सूड नाही उगवत. मला त्या अंड्यांचं वाईट वाटतंय. आणि दादांचं. त्यांनी केवढी वाट पाहिली होती! त्यांच्यासारखा माणूस नाही बघा. पेशंट म्हणूनही. माझं मशीन नुसतं सुरू झालं, की भले भले खुर्चीचे हात आवळतात. काय तो कर्कश आवाज, मला स्वतःला सोसत नाही. दादा? डुलकी काढतात! दाढ भरून झाली तरी उठेनात."

"सुखी माणूस," ताई म्हणाल्या.

जिना उतरताना मात्र त्यांचा पाय एका पायरीवर उगाच थबकला. कसला तरी धागा हाताशी येऊन सुटला. त्यांनी मागे वळून पाहिलं, पण तिथे काहीच नव्हतं.

४

तोफवाल्याचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, पाठीमागे निळा पडदा, पुढे नवरानवरींसाठी मखमली खुर्ची. त्यानं ताईंना त्याच खुर्चीवर बसवलं.

"ठरलंच असेल सगळं," तो म्हणाला. "उगाच कशाला आलात?"

"शनिवारी कुठे होतास?"

त्यानं कॅमेरा उचलला. मग म्हणाला, "ओढ्यावर."

"काल का नाही बोललास?"

"काय बोलू? 'मी तिथे होतो' म्हटलं असतं, की खेळ खलास." तो लेन्सचं झाकण उघडबंद करत राहिला. "दुपारी गेलो. पायवाटेवरून मोठ्यानं शीळ घालत गेलो, ती माझी सवयच. पोचलो तर शिळकरी गात होता. थांबेचना! मला वाटलं, आज स्वारी रंगात आलीय. नर इकडून तिकडे वेड्यासारखा उड्या मारत होता, एक फोटो धड मिळाला नाही. मग कॅमेरा ठेवला बाजूला आणि ऐकत बसलो. सूर्य बुडेपर्यंत. ताई, मी ऐकत बसलो हो! मजा घेत बसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. उठून नुसतं त्या झुडपात डोकावलो असतो, तरी अंडी वाचली असती."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. घाम पुसणारी माणसं ताईंना ओळखता यायची, तशी रडू गिळणारीही.

"आणखी कोणी दिसलं?"

"नाही."

"बाळा, मी आयुष्यभर हेच काम केलंय."

त्यानं नजर चुकवली. "दिसलं. मी पोचायच्या आधी, वळणावरून जाताना. लांबून, पाठमोरं. टोपी घातलेलं."

"टोपी आपण सगळेच घालतो. कोण होतं?"

"नाही सांगत."

"तुझं नाव खराब होतंय आणि तू—"

"तुम्ही होतात!" तो एकदम म्हणाला. "आता बोलायला लावलंत म्हणून. डावा खांदा खाली टाकून चालायची तऱ्हा, गटात दुसऱ्या कोणाची आहे? मला तुम्ही पहिल्या दिवशी तुमची दुर्बीण दिली होती. मी सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं, आणि मानलं असतं तर मलाच नको होतं."

शनिवारी दुपारी ताई घरी पडदे धुवत होत्या. पण त्याला तसं न सांगता त्या खुर्चीतून उठल्या. डावा खांदा खाली टाकून त्यांचे वडील चालायचे. आणि वडिलांची ती चाल त्यांच्या दोन्ही मुलांनी उचलली होती; रविवारी खांद्यावरच्या जड पिशवीमुळे दादांची तेवढी झाकली जायची.

५

आपला अंदाज चुकीचा निघू दे, असं कोणत्याही तपासात ताईंनी पूर्वी म्हटलं नव्हतं. या वेळी वाटभर त्या तेच म्हणत होत्या.

स्पीकर चालू ठेवून निघून जाणारा माणूस. सगळं तिथेच अडत होतं. गुपचूप वाईट काम करणारा असा आवाज मागे ठेवून कशाला जाईल? ताईंना त्यांची पाण्याची प्रकरणं आठवली. घर भिजवणारे नळ कोणी दुष्टपणानं उघडे टाकत नाही. पाणी गेलेलं असतं, माणूस नळ पूर्ण फिरवून बघतो, थेंब येत नाही, म्हणून तसाच सोडून बाहेर पडतो. नळ उघडा टाकून तोच जातो, ज्याच्या मते नळाला पाणी नाही.

चकती शेवटपर्यंत फिरवलेली. तो चालूच नसेल. फ्रीज. डुलकी. आणि तो थवा, सगळ्यांच्या माना वर गेल्यावर मग वर गेलेली ती एक मान.

दादा स्वयंपाकघरात चहा टाकत होते. वहिनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या.

"ये चिमणे. लागला काही सुगावा?"

चिमणी हे त्यांनी ताईंना ठेवलेलं लहानपणचं नाव. केस पांढरे झाले तरी चिमणीच. ताईंनी पिशवीतून स्पीकर काढून टेबलावर ठेवला.

"चार्ज करून आणलाय."

त्यांनी बटण दाबलं. चकती होती तशीच होती, शेवटपर्यंत.

शिळकरीची शीळ त्या छोट्या खोलीत सुयांसारखी घुसली. कानात कळ गेली. ताईंनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

दादांनी शांतपणे कपबश्या मांडल्या, चहा गाळला. "मग? होतोय का सुरू? माझं मत विचारशील तर तो बिघडलाच आहे."

शेजारच्या घरातलं कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकायला लागलं.

"या कुत्र्याला काय झालं आज?" दादा म्हणाले.

कुत्रं त्यांना ऐकू आलं होतं. बोलणं ऐकू येत होतं, घुबडाचा घुमणारा आवाज यायचा, पारव्याचा यायचा. म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरच्या पट्टीतलं तेवढं जग त्यांच्याकडून गुपचूप निघून गेलं होतं.

वहिनी दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आल्या. "अहो, बंद करा ते! काय भयंकर! कानाचे पडदे फाटतील माझे!"

दादांचा हात गाळण्यावरच थांबला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, त्यांच्या कानांवरच्या हातांकडे, मग टेबलावरच्या त्या काळ्या वडीकडे.

"लागलाय?" त्यांनी विचारलं.

"हो, दादा."

"केव्हापासून?"

"मी बसले तेव्हापासून."

ताईंनी बटण दाबून तो बंद केला. वहिनींनी हात खाली घेतले.

"आणि आता?" दादांनी विचारलं.

हे विचारणं ताईंना सहन झालं नाही. त्यांनी मान फिरवली. "आता बंद केलाय."

दादा खाली बसले. चहा तसाच राहिला. ते बोलले, ते स्वतःशीच बोलल्यासारखं.

"म्हणजे शनिवारीसुद्धा... चिमणे, मी आवाज पूर्ण वाढवून पाहिला गं. काहीच येईना. मी म्हटलं, बरंच झालं, बिघडलाय, नियम मोडायचं पाप टळलं. तेवढ्यात वाटेवरून कोणीतरी आलं. माझ्यासारख्या माणसाला स्पीकरपाशी कोणी बघितलं असतं तर? म्हणून निघालो. उद्या उचलू म्हटलं. बंदच तर आहे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "किती वेळ वाजला असेल?"

"बॅटरी संपेपर्यंत."

"तू कशाला गेलास रे तिथे?" हे ताईंनी विचारलं नाही, पण ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असावं.

"तुम्ही सगळे दर रविवारी म्हणायचात, 'ऐका, ऐका, तो बघा गातोय.' मीही म्हणायचो, वा. मला वाटायचं, माझ्या वेळेला तो नेमका गप्प बसतो. खोटंच वाटायचं मला ते, पण तसंच समजावायचो स्वतःला. ऐकूच येत नाही तर बघणार कुठे? सगळ्यांनी त्याला पाहिलं, मी नाही. बाबांबरोबर पाहिलेला तेवढाच. म्हटलं, एकदा बघावा. एकदाच समोर यावा."

वहिनी भिंतीला धरून उभ्या होत्या. "आणि मी म्हणत राहिले, मुद्दाम करतात," त्या म्हणाल्या.

ताईंना त्यांच्यापेक्षाही वाईट वाटत होतं. सगळ्या खुणा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. परक्यांच्या घरातले नळ त्यांनी तपासले, आणि सख्ख्या भावाला ऐकू येत नाही याला मात्र त्या मोठेपणा समजत बसल्या. वेळेवर एकदा विचारलं असतं, तर त्यांनीच त्याला हाताला धरून नेलं असतं, पक्षी दाखवला असता, आणि घरटं आज भरलेलं असतं.

"त्या पोराचं काय?" दादांनी विचारलं.

"त्याला वाटलं मी होते. म्हणून तो गप्प बसला."

दादांनी डोळे मिटले. "रविवारी मला लवकर न्यायला ये."

६

रविवारी फाटकापाशी दादांनी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, नियम समजावून सांगायचे त्याच आवाजात. गट आता डॉक्टरीणबाईंनी चालवावा, हेही सांगितलं. शेवटी ते तोफवाल्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तोफवाल्यानं घाईघाईनं त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणाला, "दादा, मी सूर्य बुडेपर्यंत ऐकत बसलो होतो. चुकलो ते आपण दोघंही."

डॉक्टरीणबाई चष्मा पुसत होत्या. "मी याला काय काय बोलले," त्या ताईंना म्हणाल्या. "माफी मागू म्हटलं, तर शब्द सापडत नाहीये." मग त्यांनी आपल्या थर्मासमधला पहिला कप नेऊन तोफवाल्याला दिला.

सगळे ओढ्यावर गेले. पिशवी अजून लोंबत होती, गवत सुटायला लागलं होतं. मादी कुठेच नव्हती. पण पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावरून नर गात होता. एकटाच, न थांबता. शीळ पाण्यावरून येत होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दादांनी आज कोणाच्या माना पाहिल्या नाहीत. त्यांनी सरळ बहिणीला विचारलं.

"चिमणे, आहे का तो?"

नाही म्हणता आलं असतं. ताईंच्या ते अगदी ओठावर आलं होतं.

"आहे. गातोय."

"तिला बोलावतोय?"

"हो, दादा."

लहानपणी या झाडीत आवाज आला, की दादा त्यांचं कोपर धरून त्यांना त्या दिशेला वळवायचे आणि कानाशी म्हणायचे, आता हलू नकोस. ताईंनी दादांचं कोपर धरलं. हलकेच त्यांना वळवलं, शेंड्याकडे बोट केलं आणि पानं हलायची वाट पाहिली.

"तिथे. दोन फांद्या फुटतात ना, त्याच्या वर."

दादांनी दुर्बीण लावली. अंगठ्याएवढा, पानांच्या रंगाचा पक्षी, मान वर केलेला. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. दादा कितीतरी वेळ बघत राहिले.

"दिसला," ते म्हणाले. त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. "तो थांबला की सांग मला. मग निघू."

तो थांबला नाही. ऊन चढलं, बाकीचे एकेक करून वाटेला लागले, आणि ताई दादांचं कोपर धरून तशाच उभ्या राहिल्या.